नवऱ्याचा जॅकी, तुमची तिहाई

प्रिय ताई,

प्रश्न वाचून हसू नका. मी कथक शिकवते. नवरा चार्टर्ड अकाउंटंट आहे, मितभाषी, शिस्तीचा. पण शनिवारी रात्री जेवणं आटोपली की हाच माणूस जॅकी चॅनचे ऐंशीच्या दशकातले सिनेमे लावतो आणि खिदळत बसतो. तेच सिनेमे, तेच प्रसंग. आवडलेला प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघतो. लहानपणी मामाकडे व्हिडिओवर पाहिलेत म्हणे. मीही बसून बघितलं. गोष्टीला बूड ना शेंडा, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो, बायका नुसत्या किंचाळतात आणि मारामारी काही संपत नाही. एकदा मला झोप लागली, तर म्हणाला, ‘‘तुला नाही कळणार.’’ मला ते लागलं. मी त्याला असं कधी म्हणत नाही. माझ्या विद्यार्थिनींच्या वार्षिक कार्यक्रमाला तो दरवर्षी पहिल्या रांगेत असतो आणि तिहाई (तोच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) संपायच्या आधीच टाळ्या वाजवतो, तरी मी गप्प बसते.

पुढच्या आठवड्यात सासूबाई आणि नणंदेसमोर मी बोलून बसले, ‘‘यांचा पोरकटपणा बघा.’’ सगळे हसले, तोही हसला. पण तेव्हापासून हॉलमध्ये सिनेमा लागलेला नाही. आता तो बाल्कनीत बसून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर बघतो. भांडण नाही, अबोला नाही, पण शनिवार ओकाबोका झालाय. मी आवडल्याचं नाटक करू का? आणि मुळात या सिनेमांत असतं तरी काय?

ता. क. आमचा आठ वर्षांचा मुलगा आता सोफ्यावरून उड्या मारतो. त्याला हे दाखवावं का?

– एक कथक शिक्षिका, सांगली

*

नमस्कार मास्तरीणबाई,

सोपं उत्तर आधी देऊन टाकते. नाटक अजिबात करू नका. नवरा सीए आहे, खोटी नोंद त्याला लांबून ओळखू येते. तुम्ही दर पाच मिनिटांनी ‘वा, वा’ करायला लागलात तर तो बिचारा अजूनच कानकोंडा होईल आणि बाल्कनीतून गच्चीवर जाईल.

‘पोरकटपणा’ मात्र परत घ्यावा लागेल. दोघंच असताना म्हणाला असतात तर तो भांडला असता आणि विषय तिथेच मिटला असता. आईसमोर बायकोने काढलेलं माप माणूस हसण्यावारी नेतो, पण ते त्याच्या मनात राहतं. लांबलचक माफीनामा नको. ‘‘परवा सगळ्यांसमोर बोलायला नको होतं’’ एवढं एक वाक्य, तेही भाजी निवडता निवडता, पुरे. आणि त्याच बैठकीत हेही सांगा, की ‘तुला नाही कळणार’ हे वाक्य तितकंच वाईट होतं. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे त्यालाही बरं वाटेल.

शिवाय तो साफ चुकलाय. सांगलीत हे सिनेमे सगळ्यांत चांगले कुणाला कळत असतील तर ते तुम्हाला. तुम्ही त्यांत गोष्ट शोधत बसलात म्हणून झोप आली. तुमचा नवरा इतकी वर्षं लय बघतोय, फक्त त्याला ती लय म्हणून ओळखता येत नाही, इतकंच.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. या मंडळींची तालीम कुठे झाली ते बघा. जॅकी चॅन, सामो हंग आणि युएन बियाओ हे तिघं त्या दशकातल्या हाँगकाँगच्या मारधाड-विनोदी सिनेमांचा कणा, आणि तिघंही एकाच गुरूच्या हाताखालचे. यू जिम-युएन नावाच्या मास्तरांची हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेराची, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाट्याची, निवासी शाळा होती, चायना ड्रामा अकॅडमी. जॅकीला वयाच्या सातव्या वर्षी दहा वर्षांच्या करारावर तिथे ठेवलं आणि आईवडील कॅनबेराला अमेरिकी वकिलातीत नोकरीला गेले. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, काठी, तलवार. चुकलं की वेत. त्यातल्या निवडक मुलांचा ‘सेव्हन लिटल फॉर्च्युन्स’ हा संच रंगमंचावर जायचा. सामो वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा, आणि दादागिरीही भरपूर करायचा. शिष्यांनी मास्तरांच्या नावातलं ‘युएन’ आपल्या नावाला जोडायचं अशी तिथली रीत. त्यामुळे या सिनेमांच्या श्रेयनामावलीत युएन बियाओ, युएन वाह, कोरी युएन अशी रांग दिसते. ते सगळे एकमेकांचे भाऊ असतील असं वाटतं, पण आहेत गुरुबंधू. घराण्याची ही भानगड तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

ही पोरं मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला होता. अंगात विद्या आहे आणि रंगमंच नाही, अशा अवस्थेत ती स्टुडिओंच्या दारात उभी राहिली. काम काय, तर पडायचं, आपटायचं, नायकाच्या वाटचा मार खायचा. त्यांतले काही जण सत्तरच्या दशकाअखेर स्वतःच नायक आणि दिग्दर्शक झाले, आणि ऑपेरात शिकलेलं सगळं कॅमेऱ्यासमोर ओतलं.

पेकिंग ऑपेरात नटाची हालचाल तालवाद्यांच्या हुकमात असते. छोटं ढोलकं, लाकडी टाळ्या, झांजा, काशाच्या लहानमोठ्या थाळ्या. हालचाल टिपेला पोचली की नट क्षणभर गोठून उभा राहतो, नजर रोखतो, आणि नेमकी तेव्हाच झांज पडते. तुम्ही चक्कर घेऊन समेवर येता आणि मुद्रा धरता, ती जागा हीच. आता हे डोक्यात ठेवून त्यांची कुठलीही चांगली मारामारी लावा. झपाट्याने काही वार, मग एक पोकळ क्षण. दोघं पवित्र्यात, कुणी हलत नाही. पुन्हा वार, या खेपेला जास्त, वेग दुपटीचा. पुन्हा थांबणं. वाद्यं गेली, पण हाताच्या फटक्यांचे ते अतिरेकी ‘धाप-धूप’ आवाज आहेत ना, ज्यांनी तुमचं डोकं उठतं, तेच तिथे ताल धरतात. नाचाचे बोल तोंडाने म्हणतात तशी पढंत म्हणून ऐका.

त्यात तांत्रिक कारागिरीही आहे. वार बसतो तो क्षण दोन शॉटच्या सांध्यावर किंचितसा दोनदा दाखवतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फटका जड वाटतो. कपड्यांवर पावडर टाकून ठेवतात, म्हणजे लाथ बसली की धूळ उडते. कॅमेरा लांब ठेवतात, म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून शेंडीपर्यंत माणूस चौकटीत असतो. हल्लीच्या पुष्कळ सिनेमांत मारामारीच्या वेळी कॅमेराच इतका थरथरतो, की कुणी कुणाला काय केलं ते नंतर चौकशी करून कळतं. नाचाचं चित्रीकरण करणाऱ्याने तुमचे पायच कापले तर तुम्ही त्याला उभा कराल का? हे लोक पाय कापत नाहीत.

एक प्रसंग जवळून सांगते. १९८३ चा ‘प्रोजेक्ट ए’. काळ एकोणिसावं शतक संपून विसावं लागायच्या आसपासचा, हाँगकाँगवर इंग्रजांचं राज्य, समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट. जॅकी तटरक्षक दलात, युएन बियाओ पोलिसांत, आणि दोन्ही खात्यांचं एकमेकांशी पटत नाही. गुत्त्यात जुंपते. या दोघांत खुर्च्यांचे तडाखे बसतात, लाकडं उडतात. दोघं ताठ उभे. तोंडावर ‘एवढंच का?’ असा भाव. मग दोघंही रुबाबात वळतात, आपापल्या खांबाआड जातात आणि तिथे, दुसऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, वेदनेने वेडेवाकडे होतात. झालं. संवाद लागत नाही, भाषा लागत नाही. सगळी गंमत त्या रुबाबाच्या चालीला दिलेल्या वेळात आहे. चाल जरा लांबली असती तर विनोद शिळा झाला असता, आखूड झाली असती तर कळलाच नसता. विलंबित धरून ठेवायला काय लागतं ते तुम्ही मुलींना रोज सांगत असाल.

त्याच सिनेमात पुढे जॅकी हातात बेड्या असताना झेंड्याच्या खांबावर चढतो, तिथून घड्याळाच्या मनोऱ्यात शिरतो आणि शेवटी काट्याला लोंबकळून खाली पडतो. दोन कापडी छतं फाडत थेट जमिनीवर. हॅरोल्ड लॉइड या मूकपटांच्या काळातल्या अमेरिकी विनोदवीराने १९२३ मध्ये असंच घड्याळाला लोंबकळून दाखवलं होतं, त्याला केलेला हा मुजरा. लॉइड पडला नव्हता. जॅकी पडतो, आणि ते पडणं सिनेमात दोनदा दाखवलंय, कारण ते खरोखर एकाहून जास्त वेळा चित्रित केलं होतं.

दोनदा कशाला, तीनदाही दाखवतात. १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’चा शेवट एका शॉपिंग मॉलमध्ये आहे. काचेची कपाटं, काचेचे कठडे, आणि माणसं एकामागून एक त्यांतून आरपार. सिनेमाच्या चमूनेच त्याचं नाव ‘ग्लास स्टोरी’ पाडलं होतं. अखेरीला जॅकी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून झेप घेतो, मधल्या पोकळीतला दिव्यांच्या माळांनी मढवलेला खांब पकडतो आणि बल्ब फोडत, ठिणग्या उडवत तळापर्यंत घसरत येतो. हातांची कातडी भाजली, पाठीला मार बसला. ही घसरण लागोपाठ तीनदा दिसते, तीन वेगवेगळ्या जागांवरून. गोष्टीच्या हिशेबाने हा शुद्ध मूर्खपणा. माणूस घसरला एकदाच ना? पण तेच तीनदा का घ्यायचं, हे कथकच्या शिक्षिकेला मी काय सांगू! तो प्रसंग चालू असताना पडद्याकडे बघू नका, नवऱ्याकडे बघा. तुमच्या तिहाईला मधेच टाळ्या वाजवणारा हा गृहस्थ इथे तिन्ही आवर्तनं श्वास रोखून धरेल आणि तळाला पोचल्यावरच हसेल. मी पैज लावते.

आता लय कितीही खरी असली, तरी नुसत्या लयीवर कुणी इतका खिदळत नाही. हसू येतं त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते कळायला थोडं मागे जावं लागेल. जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली अचानक गेला आणि हाँगकाँगचे निर्माते त्याची नक्कल करणारी पोरं शोधत सुटले. लो वेई या दिग्दर्शकाने जॅकीलाही दुसरा ब्रूस ली करायचा घाट घातला होता. ते सिनेमे आपटले. मग १९७८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्याला उसना घेतला, दिग्दर्शक युएन वू-पिंगच्या हाती दिला, आणि एकाच वर्षात दोन सिनेमे निघाले. त्यांतला एक ‘ड्रंकन मास्टर’. त्यात जॅकी झालाय वाँग फेई-हुंग. हा ग्वांगडाँग प्रांतातला खराखुरा माणूस, वैद्य आणि कुंगफूचा गुरू, लोकांच्या मनात जवळजवळ संतपदाला पोचलेला. क्वान टाक-हिंग या नटाने वर्षानुवर्षं डझनावारी सिनेमांत तो धीरगंभीरपणे रंगवला होता. जॅकीने त्याचा उनाड, खादाड, बापाला ताप देणारा पोरगा करून टाकला. लोकांनी डोक्यावर घेतला.

ब्रूस ली मारतो तेव्हा समोरचा संपतो. जॅकी ठोसा मारतो तेव्हा आधी त्याचाच हात दुखतो. तो हात झटकतो, फुंकर घालतो, पळतो, टेबलाखाली शिरतो, हाताशी येईल ते उचलतो. बाकडं, छत्री, सायकल, काहीही. जिंकतो, पण जिंकल्यावर लंगडतो. घाबरलेला माणूस तरीही लढतोय आणि त्याची फजिती होतेय, ही त्या सगळ्या प्रकाराची ओढ आहे. तुमच्या नवऱ्याचं आयुष्य रिटर्न, नोटिसा आणि शेवटच्या तारखा यांत जातं. सप्टेंबरच्या अखेरीला ऑफिसात तो ब्रूस ली नसतो, टेबलाखाली शिरलेला जॅकीच असतो. शनिवारी जेवणानंतर तेच बघून त्याला हसू येत असेल, तर मला त्यात पोरकट काही दिसत नाही.

तुमच्या तक्रारींकडे येते. ओठांचं म्हणाल तर, तिथे तेव्हा चित्रीकरण बिनआवाजी करायचे आणि आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. म्हणजे मूळ कँटोनीजमध्येही, हाँगकाँगच्या स्वतःच्या भाषेतही, ओठ पुरते जुळत नाहीत, आणि कित्येकदा पडद्यावरच्या नटाचा आवाज त्याचा नसतोच. नवरा हिंदी डबिंग लावत असेल तर त्याला कँटोनीज आणि खाली उपशीर्षकं असं लावायला सांगा, निदान माणसं माणसांसारखी बोलतील. कथेबद्दल मी भांडणार नाही. ती नसते.

बायकांबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे नवऱ्यापासून लपवू नका. सामो हंगच्या ‘माय लकी स्टार्स’मध्ये (१९८५) पाच बावळट पुरुष एका पोलिस अधिकारी बाईच्या अंगचटीला जायचे बहाणे शोधत राहतात आणि आपण ते विनोद म्हणून बघायचं. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. ‘पोलीस स्टोरी’त मॅगी चँगच्या वाट्याला रुसणं, ओरडणं आणि केक तोंडावर घेणं असली कामं आहेत. हीच बाई २००४ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, म्हणजे किती मोठी नटी नुसती किंचाळायला वापरली ते बघा. त्या सिनेमात फोनचा एक प्रसंग आहे. जॅकीची आडगावच्या चौकीत बदली झालीय, तो एकटा, आणि सगळे फोन एकदम खणखणतात. वायरी एकमेकींत गुंततात, एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, आणि मधल्या मधे नूडल्सही खायचे असतात. हातांचं काम म्हणून लाजवाब. पण फोनवर तक्रार करणाऱ्या बायकांवर केलेले विनोद आज बोचतात. दोन्ही खरं आहे. एक खरं आहे म्हणून दुसरं गिळायची गरज नाही.

पण याच खात्यात एक जमेची बाजूही आहे, आणि ती खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती. १९८५ चाच ‘येस, मॅडम!’. दिग्दर्शक कोरी युएन, म्हणजे त्याच मास्तरांचा शिष्य. यात मारामारी दोन बायका करतात, अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक आणि मिशेल यो. रॉथरॉक कराटेची विजेती. मिशेल यो मात्र कुठल्याच आखाड्यातली नव्हे. मलेशियातल्या इपोहची ही मुलगी इंग्लंडमध्ये बॅले शिकत होती, पाठीच्या दुखापतीने ते सुटलं, आणि हाँगकाँगला आल्यावर तिने मारामारी शिकली ती नाच बसवतात तशी. २०२३ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, ते नवऱ्याला माहीत असेल. ती मुळात नर्तकी, हे माहीत असेलच असं नाही. तिची पावलं बघा, वजन कुठल्या पायावर आहे ते बघा, आणि या वेळी तुम्ही त्याला समजावून सांगा.

या स्टंटांचं एक मात्र मला कौतुकाने सांगवत नाही. १९८६ मध्ये ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, जॅकीने भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी मारली, फांदी मोडली आणि डोकं दगडावर आपटलं. कवटी फुटली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, थोडक्यात वाचला. तो जॅकी होता म्हणून आपल्याला ही गोष्ट माहीत आहे. त्याच्या भोवती पडणारी, काचेतून जाणारी जी पोरं होती, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपण वाचतही नाही. त्या काळचा प्रेक्षकही सोपा नव्हता. प्रदर्शनाआधी मध्यरात्रीचे खेळ लावायची तिथे पद्धत होती. सिनेमावाले स्वतः थिएटरात बसायचे, लोक कंटाळले की पडद्याकडे बघून ओरडायचे, आणि मग सिनेमा पुन्हा कापला जायचा. अशा लोकांना आणखी उंचावरून पडून दाखवणं, ही स्पर्धा कुठवर जाणार होती? तुमच्या वर्गात कुणाचा घोटा मुरगळला तर तुम्ही तालीम थांबवता. म्हणून सांगते, हे बघताना मन थोडं चरकलं तर ते बरोबरच आहे.

आता शनिवार. अख्खा सिनेमा बघायला बसू नका. ‘‘तुला सगळ्यांत आवडतं ते दहा मिनिटं दाखव’’ म्हणा, आणि मोबाइलवर नको, हॉलमध्ये लाव म्हणा. तो बिचकेल, कारण मागचा अनुभव ताजा आहे. काय लावू असं विचारलं तर गुत्त्यातला खांबांचा प्रसंग सुचवा. प्रसंग चालू झाला की मांडीवर हलकेच ताल धरा. वार मोजा. थांबणं कुठल्या मात्रेवर येतंय ते बघा. कधी चुकतंय असं वाटलं तर तसं सांगा. ‘‘काय मोजतेस?’’ असं तो विचारणारच. पुढचं तुम्हाला शिकवायला नको. तो स्वतःच मागे नेऊन पुन्हा लावेल, आणि त्या खेपेला तुम्हालाही ते हवं असेल.

त्याच्या पुढच्या शनिवारी ‘व्हील्स ऑन मील्स’ (१९८४) मधली शेवटची मारामारी. सामोने दिग्दर्शित केलेला, बार्सिलोनात चित्रित झालेला. नाव उलटं का, तर इंग्रजी ‘एम’ने सुरू होणारे कंपनीचे सिनेमे पडत होते म्हणून ‘मील्स ऑन व्हील्स’ फिरवून घेतलं, असं सांगतात. सिनेमावाले कुठलेही असोत, लिंबू-मिरची सगळीकडे. समोर आहे बेनी उर्किडेझ, खराखुरा किकबॉक्सिंग विजेता. त्याची एक लाथ हवेत फिरते आणि तिच्या वाऱ्याने ओळीने लावलेल्या मेणबत्त्या विझतात. कथकवाल्या बाईने त्या फिरकीकडे डोळे मिटून राहावं असं होणार नाही. ‘ड्रंकन मास्टर’ सवडीने बघा, आणि त्यात गुरू चेल्याला जे राबवून घेतो तेवढाच भाग बघितलात तरी चालेल. वर्गात काय करू नये याची यादी तयार होईल.

मामाकडच्या व्हिडिओबद्दलही एकदा विचारा. कुठला मामा, कोण कोण असायचं, कॅसेट कुणी आणायचं. मितभाषी माणसं असल्या प्रश्नांना उत्तरं देतात, ‘तुला त्यात काय आवडतं’ या प्रश्नाला देत नाहीत.

हे सगळं करूनही महिन्याभराने तुम्हाला कंटाळा आला, तर सरळ सांगा. टीव्ही त्याला द्या, तुम्ही बाजूला बसून मुलींच्या फियांचा हिशेब लिहा. एकाच खोलीत दोघांनी वेगवेगळं काही करण्यात वाईट काही नाही. बाल्कनी आणि इअरफोन मात्र बंद.

राहिला मुलगा. दाखवायला हरकत नाही, पण क्रम उलटा ठेवा. या सिनेमांच्या शेवटी, नावं वर सरकत असताना, फसलेले शॉट दाखवतात. ही कल्पना जॅकीने १९८१ च्या ‘कॅननबॉल रन’ या अमेरिकी विनोदी सिनेमावरून उचलली, त्यात त्याचं छोटं काम होतं. फरक इतकाच, की अमेरिकी लोक त्यात संवाद विसरतात आणि हसतात, हाँगकाँगचे लोक रक्तबंबाळ होतात आणि त्यांना स्ट्रेचरवर उचलून नेतात. मुलाला आधी ते दाखवा, बापाच्या मांडीवर बसवून. मारामारी मग. ‘ड्रंकन मास्टर’ इतक्यात नको. दारू प्यायली की माणूस अजिंक्य होतो, हे आठव्या वर्षी डोक्यात शिरायला नको.

आणि उड्या मारायची हौस असेल तर त्याला मल्लखांबाला घाला. खांब तिथेही आहे, फक्त बल्ब नाहीत, आणि खाली गादी व बाजूला वस्ताद असतात. तोवर सोफा भिंतीला लावून ठेवा, आणि समोर काचेचं टीपॉय असेल तर आजच आतल्या खोलीत हलवा.